बंबाची शिट्टी

त्या साली अकोल्याला थंडी चांगलीच पडली, आणि थंडीबरोबर केशरबाईंचा बंब बोलायला लागला.

आधी नुसती शिट्टी. मागच्या अंगणात, टिनाच्या पत्र्याखालच्या न्हाणीत, सकाळी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटल्या की थोड्या वेळानं बारीक, लांबलचक, कानात दाभण घातल्यासारखी शिट्टी निघायची. इकडे खोलीत सत्यभामेच्या कुशीतलं सव्वा महिन्याचं पोर दचकून दोन्ही हात वर फेकायचं, जसं काही कुणी त्याला उंचावरून सोडून दिलंय. मग ओठ थरथरायचे आणि रडणं सुरू.

सत्यभामा अमरावतीची. तिथल्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती पोराला घेऊन नुकतीच अकोल्याच्या सरकारी क्वार्टरात परतली होती. नवरा देवमन टपाल कचेरीत कारकून. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू केशरबाई. पोर झालं तसा सत्यभामेचा एक कान कायम उभाच असे. पोर झोपलं की नाकाखाली बोट धरून श्वास पाही, आणि जागं असलं की झोपत का नाही म्हणून तोंडाकडे बघत बसे. देवमन हसे. म्हणे, "पोस्टात येवढी नजर ठेवली असती तं एकबी मनीऑर्डर चुकली नसती."

एके सकाळी चहाच्या वेळी तिनं विषय काढला. "अहो, त्या बंबाचं काहीतरी बघा ना. शिट्टी वाजली की हा किती दचकतो!"

देवमननं कपातून मान वर केली नाही. "बंबच तो. तापला की वाजते."

"रोज जास्त वाजतो. परवा एवढी नव्हती."

स्वयंपाकघरातून केशरबाईंचा आवाज आला. त्यांना सगळं ऐकू जाई, फक्त ऐकू गेलं नाही असं दाखवायचं असलं तर नाही जायचं. "काय वं सत्यभामा, माह्या बंबानं तुह्यं काय खाल्लं?"

"तसं नाही आत्याबाई. बाळ दचकतो म्हणून म्हटलं."

"दचकू दे. दचकल्यानं लेकराची छाती भरते."

देवमननं डोळ्यांनीच खुणावलं, पुरे कर. बंबाबद्दल बोलायचं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. तेल्हाऱ्याकडच्या त्यांच्या गावात केशरबाईंची अर्धी जिंदगी विहिरीच्या काठापासून चार हात लांब घागर घेऊन उभं राहण्यात गेली होती. कुणाला दया आली तर वरून ओतणार, नाही आली तर घागर तशीच घरी. छप्पन साली दीक्षा घेतली, लेकाला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, आणि क्वार्टरात आल्या आल्या केशरबाईंनी भांड्याच्या बाजारात जाऊन हा बंब पसंत केला. कमरेएवढा उंच, तांब्याचा. पोटातून आरपार नळकांडं, त्यात विस्तव. खांद्यावर पेल्यासारखं नरसाळं, त्यात ओतलेलं पाणी आतल्या नळीनं थेट तळाशी जाई. मागच्या बाजूला, भिंतीकडे, वाफ जायला तुरीच्या दाण्याएवढं भोक. आणि पोटाला पितळेची तोटी. ती फिरवली की आपल्या हातानं, आपल्याला हवं तेवढं ऊन पाणी! दर आठवड्याला चिंच-राखेनं घासून त्या बंबाला असा लखलखीत ठेवत की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. त्याला नाव ठेवणं म्हणजे त्यांनाच नाव ठेवणं.

दोन-चार दिवसांनी शिट्टी बंद झाली.

सकाळी धूर आला, पऱ्हाट्या तडतडल्या, आणि शिट्टी नाही. पोर झोपलेलंच. सत्यभामेला इतकं हलकं वाटलं की तिनं कशामुळे, कुणामुळे, काही विचारलं नाही. तिला वाटलं देवमननं गुपचूप काही केलं असेल. देवमनला वाटलं, ही बंबाला सरावली. एरवी दुधावरच्या सायीचा रंग बदलला तरी कारण शोधणारी बाई, पण आपल्याला हवं तेच झालं की माणूस कारण विचारत नाही.

त्याच आठवड्यात गोड्या पाण्याचा रांजण पाझरायला लागला होता. इकडचं विहिरीचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. प्यायचं गोडं पाणी लांबून आणून रांजणात भरावं लागे, त्यामुळे तो थेंबथेंब पाझरतोय म्हटल्यावर केशरबाई कासावीस झाल्या. पानाच्या डब्यातला चुना घेतला, त्यात गूळ कुटला, आणि तो चिकट गोळा अंगठ्यानं भेगेत दाबून बसवला. "वाळला का दगड होते पाह्य," त्या म्हणाल्या. "तुह्या कालिजात असं शिकवते काय?" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी रांजण कोरडा ठाक. सत्यभामेनं कौतुकानं नखानं टोचून पाहिलं. नखच वाकलं.

मग बंबाला उचक्या लागल्या.

ढब्. थोडा वेळ शांत. पुन्हा ढब् ढब्, जसं काही आत कुणी कोंडलंय आणि टाचांनी लाथा मारतंय. आणि प्रत्येक ढबीबरोबर नरसाळ्यातून ऊन पाण्याचा भपकारा बाहेर. शिट्टीनं पोर दचकायचं, या आवाजानं सत्यभामाच दचके. शिट्टी कानाला लागायची, हा आवाज पायाखालच्या फरशीतून पोटात येई.

दुपारी बंब थंड झाल्यावर ती पोराला खांद्यावर टाकून न्हाणीत गेली. नरसाळ्याच्या आतून पांढरा खार धरला होता, वाळलेल्या ताकासारखा. नळीत काडी घातली तर ती खाराला घासत, अडत आत गेली. म्हणजे नळी निम्मी बुजत आलेली. अमरावतीला तिच्या माहेरी भांड्याला असलं काही धरत नसे. तिनं बंबावर बोटांनी टकटक केलं, कान लावला. मागची बाजू भिंतीला लागून, तिथं डोकावायला जागा नव्हती. फक्त एक गोष्ट तिच्या नजरेत आली. तांब्यावरून मुंग्यांची बारीक रांग भिंतीकडच्या अंगाला वर चढत होती. तांब्यावर मुंग्यांना काय सापडलं? पोराला लावायच्या पिठाचा हात लागला असेल, असं म्हणून तिनं रांग ओल्या फडक्यानं पुसून टाकली.

संध्याकाळी तिनं पुन्हा तोंड उघडलं. "आत्याबाई, बंबाच्या आत खार बसलाय. आवाज त्याचाच असेल. तांबटाला बोलावून एकदा साफ करून घेऊ या का?"

केशरबाई भाकरी थापत होत्या. थापायचं थांबलं नाही, फक्त हाताचा आवाज वाढला. "तुह्या अमरावतीचं पाणी गोड, माणसंबी गोड. आमी उभा जलम खाऱ्या पाण्यानं आंग धुतलं, अजून तं खपलो नाही."

"पण हा आवाज आधी नव्हता ना."

"आधी शिट्टी होती तं शिट्टी नोको. आता ढबढब नोको. बंबानं हात जोडून उभं राहावं काय वं तुह्यासमोर?"

"मला भीती वाटते," सत्यभामा म्हणाली. तिला ते तसं म्हणायचं नव्हतं. कारण सांगायचं होतं, पाणी, वाफ, कोंडणं. पण कारण तिलाच पुरतं उमगलं नव्हतं, आणि तोंडून भीतीच निघाली.

"इतकं शिकून भेवच शिकली," केशरबाई म्हणाल्या. मग भाकरी तव्यावर टाकून जरा मऊ आवाजात, "नाव ठेवण्याचं कार्य होऊ दे. मग बोलावजो तांबटाले. आता पाव्हणे येऊन राह्यले, बंब उघडून बसू काय?"

मधल्या दिवसांत सत्यभामा बंबावर पोरासारखीच नजर ठेवून राहिली. विस्तव कमी असला की उचक्या कमी. गार पाणी ओतलं की थोडा वेळ चूप. पाणी उकळीला आलं की मग लाथा सुरू. म्हणजे जे काही होतं ते वाफेचं होतं. वाफेला जायला वाट हवी आणि ती नळीतून पाण्याला ढकलत वाट काढतेय, इथवर तिचं गणित आलं. पण वाफेसाठी भोक होतंच की मागे. मग ती नळीकडे का येते? इथं येऊन ती अडकायची, आणि तेवढ्यात पोर रडायचं. तिनं पऱ्हाट्यांचा भारा पातळ करायला सुरुवात केली. केशरबाईंनी एकदा पाहिलं, म्हणाल्या, "बंबाले उपास घडवून राह्यली काय?" आणि आणखी दोन मुठी कोंबल्या.

नाव ठेवायच्या दिवशी घर भरलं. तेल्हाऱ्याहून चुलत सासरे डोमाजी आले, चांदूर बाजारहून नणंद दुर्गाबाई आली. पुढच्या खोलीत तसबिरींना हार, मेणबत्त्या, पांढरी चादर. वंदना घ्यायला शेजारचे लोक दहाच्या सुमारास येणार. त्याआधी सगळ्यांच्या आंघोळी. बंब उजाडल्यापासून धडाडून पेटलेला. न्हाणीच्या दारात पऱ्हाट्यांचा ढीग, आणि येता-जाता प्रत्येक जण एक मूठ आत सारी.

सत्यभामा आतल्या खोलीत पोराला पाजत बसली होती. भिंतीपलीकडून ढब् ढब् येत होतं, आज सलग, थांबाच नाही. पोर पिता पिता थांबे, कान टवकारल्यासारखं करी आणि पुन्हा तोंड लावी. तेवढ्यात डोमाजींची बोंब ऐकू आली.

"आबाबाबा! पोळलो ना वं वयनी! हा बंब होय का होळीची पिचकारी?"

अंगणात हशा. दुर्गाबाईचा आवाज, "काकाजीची पाठ पाह्य, भाजल्या वांग्यावानी झाली!"

"हसून राह्यल्या लेकाच्या. थांबा, याचं तोंडच बांधतो. उतू जाणाऱ्या हंडीले काय करतेत? बोळा कोंबतेत."

सत्यभामेला शब्द कळले, पण पोर अंगावर होतं. ती "अहो" म्हणून हाक मारणार, तोच आवाज बंद झाला.

एकदम. ढब् नाही, भपकारा नाही. नुसत्या पऱ्हाट्यांचा तडतडाट. अंगणात डोमाजी म्हणत होते, "पाह्यलं? येवढ्यासाठी तुमी तांबट बोलावून राह्यले होते!" आणि बायका हसत होत्या.

तिला बरं वाटायला हवं होतं. पोर निवांत पीत होतं. पण मागं एकदा असाच आवाज बंद झाला होता, आणि ती अशीच गप्प बसली होती.

केशरबाई आल्या. नवं लुगडं वर खोचलेलं, तळहात तेलानं माखलेले. "आण माह्या राजाले. आंग धुऊन देतो, मंग नाव ठेवतो." पोराला चोळून चोळून तेलात न्हाऊ घातलं, आणि घेऊन न्हाणीत गेल्या. सत्यभामा टॉवेल नि दुपटं हातात घेऊन मागोमाग निघाली.

न्हाणीत धूर होता. केशरबाई फरशीच्या दगडावर पाय लांब पसरून बसल्या, पोराला नडग्यांवर पालथं घेतलं. बंब त्यांच्या खांद्याला लागून, हाताच्या अंतरावर. पोर तेलानं असं निसरडं झालं होतं की ते पायांवर असताना बाईला उठताच येऊ नये. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं मध्ये उठायचंही नसतं. लेकराचं न्हाणं अर्धं ठेवत नाहीत.

नरसाळ्यात गोणपाटाचा ओला बोळा काठीनं ठोसून ठोसून बसवला होता, त्यावर घडवंचीखालचा चपटा दगड.

केशरबाईंनी घंगाळ तोटीखाली ओढलं आणि तोटी फिरवली. पाणी आलं नाही, पाणी सुटलं. सूं करून, वाफेसकट, घंगाळाच्या काठावर आपटून बाहेर उडालं. त्यांनी घाईनं तोटी बंद केली आणि खूश होऊन सुनेकडे वर पाहिलं. "पाह्य! तोंड बांधलं तं पाणी कसं धडधडा येऊन राह्यलं!"

सत्यभामा त्या तोटीकडे बघत राहिली. एवढ्या जोरात का? मागून कोण ढकलतंय? वाफ. वाफ तर मागच्या भोकातून...

तिची नजर बंबाच्या पाठीवर गेली. बंब आज भिंतीपासून जरा सरकला होता, पाहुण्यांच्या धक्क्यानं असेल. तांब्याच्या उतारावर, भोक असायला हवं तिथं, पांढरी गुळगुळीत टिकली होती. खाराची नव्हे. अंगठ्यानं दाबलेली. मध्ये अंगठ्याचा खळगा. रांजणावर होता तसाच. आणि तिच्या डोळ्यांपुढे मुंग्यांची ती रांग आली, तांब्यावरून वर चढणारी.

गूळ.

मागचं भोक चुना-गुळानं बंद. नळी अर्धी खारानं बंद, आणि आता बोळ्यानं पूर्ण. आत उकळतं पाणी, खाली धडाडता जाळ. एकही वाट उरली नव्हती.

"आत्याबाई, उठा."

"हूं?" केशरबाई घंगाळात गार पाणी मिसळत होत्या. "गरम लय आलं. जरा विसणाचं पाणी घे तिकून."

"आत्याबाई, बाळाला द्या माझ्याकडे आणि उठा. बंब फुटेल."

"शुभ बोल वं. आज लेकराचं नाव ठेवणं हाय." त्यांनी पोराच्या पाठीवर हात फिरवला. "न्हाणं अर्धं टाकू काय तुह्या भेवापाई?"

दारात डोमाजी उभे होते, अंगाला पंचा गुंडाळून. ते हसले. "सूनबाई, मी बांधलेलं तोंड हाय थे. बैलजोडी लावली तरी निंघायचं नाही."

बंबातून बारीक आवाज आला. शिट्टी नव्हे, ढब् नव्हे. तांबं ताणल्यावर करतं तसा, कण्हल्यासारखा टुक्क.

सत्यभामेनं टॉवेल टाकला. वाकून पोर उचललं, ते निसटलं, तिनं दंडाखाली आवळून धरलं, आणि सासरी आल्यापासून जी भाषा ती तोंडात दाबून ठेवत आली होती, माहेरच्या गल्लीतली, तीच तिच्या घशातून फाटून निघाली.

"उठ वं बुढे! उठतं का नाही! मरतं काय लेकराले घेऊन?"

अंगणातल्या सगळ्यांच्या माना वळल्या. केशरबाईंचं तोंड उघडंच राहिलं. सून त्यांना 'वं' म्हणाली होती, चार पाव्हण्यांसमोर. पण त्या आवाजात असं काही होतं की रागावायच्या आधी त्यांचे पायच उठले. सत्यभामेनं मोकळ्या हातानं त्यांचा दंड धरला आणि ओढलं. दगडावरच्या तेलानं त्यांचा पाय सरकला, गुडघा टेकला, पुन्हा उठल्या. डोमाजींना धक्का बसला, तिघं एकात एक अडकून दाराबाहेर आली.

"काय चाललंय?" देवमन पुढच्या खोलीतून धावत आला. नवा पांढरा शर्ट, हातात मेणबत्त्यांचा पुडा. "काय झालं बंबाला? सरका, पाहू दे मला."

"जाऊ नका."

"अगं, विस्तव तरी काढतो ना..."

"जाऊ नका म्हटलं!" तिनं त्याचा शर्ट पाठीमागून मुठीत धरला. एका हातावर पोर, दुसऱ्या हातात नवरा. तेलानं मूठ सरकत होती म्हणून तिनं कापड बोटांभोवती पिळून घेतलं. देवमननं पुढं पाऊल टाकलं, शर्ट काखेत टर्रकन उसवला, आणि त्या आवाजानं तो चिडून मागं वळला.

"सत्यभामा, सोड! लोक बघताहेत..."

ठो करून दणका झाला.

दगड पत्र्यावर आदळला, पत्र्याला फुगवटा आणून खाली पडला. बोळा कुठं गेला ते दिसलंच नाही. नरसाळ्यातून पाण्याचा पांढरा खांब उठला, पत्र्यावर फुटला आणि छत्रीसारखा चारही बाजूंनी खाली कोसळला. सगळा बंब ओकत होता, सळसळत, फुसफुसत, थांबेचना. दारापर्यंत ऊन शिंतोडे आले. दुर्गाबाई किंचाळून मागे सरली. वाफेत काही दिसेना, फक्त पत्र्यावरून धारा पडल्याचा आवाज, घंगाळात, फरशीवर, त्या बसायच्या दगडावर.

मग हळूहळू थांबलं. वाफ वर गेली. न्हाणीचा दगड कोरडा होत वाफा टाकत होता, त्यावर केशरबाईंच्या टाचांचे तेलाचे दोन डाग होते. घंगाळातलं पाणी चटका देईल असं धुमसत होतं. बंब एका अंगानं फुगला होता, जसं काही त्यानं गालात सुपारी धरलीय.

 पोर तेवढं रडत होतं, आणि सत्यभामा ते ऐकत होती. रडतंय, म्हणजे ठीक आहे. तिनं त्याचे पाय पाहिले, पाठ पाहिली, मान पाहिली. मग तिच्या लक्षात आलं की तिची मूठ अजून देवमनच्या शर्टावर आहे. तिनं बोटं सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेनात. देवमननं एकेक करून सोडवली. शर्टावर तेलाचा पंजा उमटला होता.

डोमाजी मटकन खाली बसले. "माह्यावानी गाढव नाही," ते म्हणाले. "मी बोळा घातला."

"बोळा तू घातला," केशरबाई म्हणाल्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, गुडघ्यातून रक्त येत होतं आणि त्यांना ते कळलं नव्हतं. "मागचं भोक मी बुजवलं. शिट्टीनं लेकरू दचके म्हून. सांगतलं नाही. म्हटलं, हिले वाटीन का सासू आयकते हिचं."

सत्यभामेला वाटलं आता काहीतरी बोलावं. मी तुम्हाला वाटेल ते बोलले, असं. पण शब्द निघाले ते वेगळेच. "शिट्टी नको असं मीच म्हणाले होते."

केशरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग पोराकडे. "तेल तसंच राह्यलं त्याच्या आंगावर," त्या म्हणाल्या. "चुलीवर पाणी ठेव वं दुर्गे. पातेल्यात. झाकण नोको ठेवू."

त्या दिवशी पोराला स्वयंपाकघरातल्या मोरीत न्हाऊ घातलं. न्हाऊ घालायला केशरबाईच बसल्या, पण पाणी सत्यभामा ओतत होती, आणि ओतण्याआधी दर वेळी कोपरानं बघत होती. वंदना उशिरा झाली. देवमन काखेत उसवलेल्या शर्टावर कोट चढवून बसला. पोराचं नाव धर्मपाल ठेवलं. शेजारच्या लोकांनी विचारलं, मघाशी तो आवाज कसला? डोमाजी म्हणाले, "आमच्या पोट्ट्याच्या नावानं तोफ डागली," आणि हसले, पण जेवताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

पाव्हणे गेल्यावर तांबट आला. आतला खार खरवडून सूपभर काढला, फुगलेलं अंग ठोकून बसवलं, आणि चुना-गुळाची टिकली छिन्नीनं फोडून काढली. फोडताना भोकाची कड जरा आत वळली.

"बाई, हे आता वाजंन," तो केशरबाईंना म्हणाला. "थोडं मोठं करून देऊ? मंग चूप राहीन."

केशरबाईंनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सत्यभामा! तांबट म्हणते भोक मोठं केलं तं शिट्टी बंद होते. काय करू?"

सत्यभामा बाहेर आली. तिनं बंबाकडे पाहिलं, मागं वाकून त्या भोकाकडे पाहिलं. मोठं भोक म्हणजे वाफेला चांगली वाट. पण हळूहळू खार धरणार, आणि धरतोय हे कुणाला कळणार नाही. लहान असलं तर धरायला लागल्याबरोबर आवाज बदलेल.

"राहू द्या तसंच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पऱ्हाट्या पेटल्या. थोड्या वेळानं शिट्टी निघाली, बारीक, लांबलचक. धर्मपालनं झोपेतच दोन्ही हात वर फेकले आणि भोकाड पसरलं. सत्यभामा उठायला लागली, तोच न्हाणीतून केशरबाईंचा आवाज आला.

"रडू दे त्याले! वाजून राह्यला हाय बंब!"

सत्यभामा पुन्हा आडवी झाली. पोराच्या छातीवर हात ठेवला आणि शिट्टी मध्येच थांबत तर नाही ना, ते ऐकत राहिली.